गव्हाला चोळलेला पारा

बमरोली, सुरत
४ फेब्रुवारी २०२६

ती. योगराजदादास,

नमस्कार. साष्टांग नाही, गुडघे दुखतात, आणि रागही आहे.

रविवार, १ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. पांडेसऱ्याला आपल्या धाकट्या नरेंद्रच्या घरी चैतालीला बघायला पाहुणे आलेले, हातात पोह्यांच्या बशा. पोरगी हसली, तिचे दात दिसले, आणि तू मांडी थोपटून म्हणालास, "माय माटी खाये, मंग पोरना दात कथाईन चांगला व्हतीन!"

पाहुणे हसले. आपली धाकटी भावजय वर्षा चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली. पाहुणे गेल्यावर चैतालीने तिला विचारलं, "मम्मी, माझ्या वेळी खरंच माती खायचीस?" वर्षा "हो" म्हणाली. तेव्हापासून मायलेकी बोललेल्या नाहीत.

बाकी ठीक. तुझं बी.पी. कसं आहे?

दादा, इथली गच्ची आठवते? मे महिन्यात शिरपूरहून टेम्पोतून गव्हाची पोती यायची. आई जुन्या साड्या अंथरायची. आमच्यासाठीही ठेवा म्हणून शेजारणी चिडवायच्या, "शोभाबेन, अमारा माटे पण राखजो!" मग वर्षभर कीड लागू नये म्हणून आई राखेत पारा घोटून दाण्यांना चोळायची.

२००१ साली आईचा हात मोडला. वर्षाला चैतालीच्या वेळचा पाचवा महिना होता. "बसून करायचं काम आहे, तिला झेपेल," असं आपण सगळ्यांनी ठरवलं. आठ दिवस ती बंद खोलीत चोळत बसली, गाणी म्हणत. तिचे हात चमकायचे. आपण तिला चांदीची सूनबाई म्हणायचो. किती गोड दिवस वाटायचे ते!

चैतालीचे दुधाचे दात खडूसारखे झिजले. साधं पडून हात दोनदा मोडला. गेल्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं, पारा आईच्या अंगात गेला तर पोटातल्या बाळाच्या हाडादातांची घडण बिघडू शकते. या मुलीचं त्यानेच बिघडलं, हे मात्र आज सिद्ध होणार नाही. बरं. मग मातीचं तू कुठल्या प्रयोगशाळेत सिद्ध केलंस?

एरवी आई पारा बाजारातून आणायची. त्या वर्षी मी आणला, शाळेतल्या फुटक्या बॅरोमीटरमधला, बाटलीत भरून ठेवलेला. ज्या कॉन्व्हेंटात शिकले तिथेच तीस वर्षं विज्ञान शिकवताना मुलींना बजावत आले, पाऱ्याला हात लावू नका, त्याची वाफ विषारी असते. बाटलीवरही तेच लिहिलं होतं. घरी आणण्याआधी मी ते लेबल खरवडून काढलं. आई उगाच घाबरली असती.

वर्षा "हो" म्हणाली, कारण तिला दुसरं कारण कुणी सांगितलंच नाही. मीही नाही. वर्षभर गप्प बसले.

शनिवार, १४ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत वर्षाच्या नावाचं पत्र माझ्या हातात पाहिजे, तुझ्या अक्षरात. फोन नको, नातवाकडून मेसेज नको. तुझं चलथाण इथून काही लांब नाही. "मी चुकलो," एवढं पुरे. रविवारी सकाळी मी तिच्याकडे जाणार आहे, माझं सांगायला. तुझं पत्र आलं नाही तरी जाईन. पण हातात काही नसताना तिच्यासमोर उभं राहायची मला भीती वाटते, दादा.

वर्षाची नणंद,
रंजना