गॅस आधीच उडाला होता

राजा घाट, काशी
ज्येष्ठातली दुपार

तीर्थरूप प्रल्हाददादांना ढुंढिराजचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमची शुगर, वहिनींचा गुडघा आणि नागपूरचं ऊन, तिन्ही आटोक्यात असोत. इकडे तुमची बहीण सुरेखा मजेत आहे, मी नाही. हे पत्र चौथ्यांदा लिहायला बसलोय आणि दर दोन ओळींनी उठून गच्चीवर फेरी मारून येतोय (अनवाणी, पायाला फोड आलाय).

तीस वर्षं एसी दुरुस्त करतोय, पण शिकलो ते कानाने. कंप्रेसर खोकला की त्याचा आजार कळतो, गळती साबणाचा फेस न लावता ऐकू येते. याच कानांवर दुकान उभं राहिलं आणि स्वरदा पीएचडीपर्यंत पोचली. मंगळवारी तिच्याच प्रयोगशाळेतल्या जुन्या एसीचा कंप्रेसर बदलायचा होता, म्हणजे आधी आतला गॅस काढणं आलं. स्वरदाने तिच्या मॅडमना छातीठोकपणे सांगून ठेवलेलं, की माझे बाबा गॅस हवेत सोडत नाहीत, ओढून सिलिंडरमध्ये भरतात, त्यांच्याकडे त्याचं यंत्र आहे. (आहे. माळ्यावर आहे.)

त्या खोलीत एक पेटी आहे. ती डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड किरण हवेतून सोडते आणि हवेतल्या वायूंनी तो किती गिळला त्याची रेघ पडद्यावर काढते. मी वाकून बघितलं तर रेघेत खड्डा! स्वरदा हसली, म्हणाली, बाबा, हा तुमचा श्वास. मग तिने समजावलं. हवेतले नायट्रोजन-ऑक्सिजन म्हणजे दोन-दोन जुळे अणू. कितीही ताणले तरी विजेचा भार इकडचा तिकडे सरकत नाही, म्हणून किरण त्यांना न शिवता निघून जातो. कार्बन डायऑक्साईड तिघांचा. तो वाकतो, एका अंगाला ताणला जातो, भार हेलकावतो, आणि त्या हेलकाव्याशी जुळणारा किरण तो गिळतो. तापलेली जमीन असेच किरण वर सोडते; गिळलेली ती उष्णता मग चारी बाजूंना जाते, थोडी परत जमिनीकडे. पृथ्वी तापते ती अशी. मी मान डोलवली आणि कामाला लागलो. सिलिंडरमध्ये गॅस भरायला अर्धा तास, नुसता व्हॉल्व्ह उघडायला दोन मिनिटं. (आमच्या धंद्यात सगळे उघडतात. मीही उघडला.) एसीचा बाहेरचा डबा खिडकीच्या वर होता, आमचा गॅस हवेहून जड, आणि खिडकी उकाड्यामुळे सताड उघडी. या तिन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या, दादा, फक्त एकत्र सुचल्या नाहीत.

आत आलो. मॅडमनी सहज विचारलं, "भैया, पुरानी गैस निकाल ली?" तोंडातून सवयीचं वाक्य गेलं, "मैडम, वो तो पहले ही उड़ चुकी थी." तेवढ्यात पडद्यावरची रेघ कोसळली. खड्डा कसला, विहीर! मॅडमनी चष्मा वर केला. "अच्छा? तो ये क्या उसकी आत्मा है?" पोरं हसली. स्वरदा हसली नाही. तिने मला हिंदीत सांगितलं, की या गॅसमधला फ्लोरीन भार स्वतःकडे ओढून बसतो म्हणून हा किरण अधाशासारखा गिळतो, तोही नेमका तिथला, जिथे बाकीची हवा वाट मोकळी ठेवते. वजनाला वजन धरलं तर शंभर वर्षांत कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे अठराशे पट ताप.

अठराशे सोसलं असतं. पण त्या दिवसापासून पोर माझ्याशी फक्त हिंदीत बोलते. जन्मापासून घरात मराठी, आणि आता "चाय रखी है, पी लीजिए." तिऱ्हाइतासारखं. यंत्र माळ्यावरून उतरवलं, पुसलं, कालपासून वापरतोय; तरी "अच्छा किया आपने." जेवण जात नाही.

बाकी क्षेम. वहिनींना नमस्कार.

आपला,
ढुंढिराज

ता.क. पुन्हा मराठीत बोलायला तिची अट अशी, की ते वाक्य ज्यांना ज्यांना ऐकवलं त्यांना स्वतःच्या अक्षरात खरं कळवायचं, सुरुवात घरच्यांपासून. तर दादा, दिवाळीत तुमच्या बेडरूमच्या एसीतला गॅस उडालेला नव्हता. गॅलरीत मीच सोडला. पत्र पोचलं की तिला फोन करा, आणि कृपा करून हसू नका.

ता.क. दुसरा. पाकिटात घालण्याआधी स्वरदाने पत्र वाचलं. दिवाळीत ती बरोबर होती, हे मी विसरलो होतो. म्हणाली, "बाबा, मामाच्या हॉलमधल्या एसीचं राहिलं."

मराठीत म्हणाली. दादा, हॉलमधलाही मीच सोडला.