सात पहाटांचे ‘दिसत नाही’

मी नजमुद्दीन वल्द शहाबुद्दीन, उमर अदमासे एकाहत्तर, पूर्वीचा धंदा फत्तेमारी गलबतावर नाखवा, हल्ली काही नाही, राहणार दिघी, जंजिरा संस्थान. माझी अक्कल ठिकाणावर आहे. कोणाच्या धाकाने, भिडेने अथवा लाडीगोडीने मी हे मृत्युपत्र करत नाही. उलट घरातले सगळे नको नको म्हणत असताना करतो आहे. डोळ्यांत मोतीबिंदू असल्याने दत्तात्रेय कारकुनाकडून लिहवून घेतो. त्याने दोनदा माझे शब्द मऊ करून पाहिले. दोन्ही वेळा मी कागद फाडायला लावला.

१. शरीयतप्रमाणे मिळकतीच्या तिसऱ्या हिश्शावरच माझा हुकूम चालतो. बाकीचे मुलगा मकसूद व मुलगी कुलसुम यांना दोनास एक या प्रमाणात जाईल. मकसूदचा वाटा मला तोडता येत नाही. तोडता आला असता तर तोडला असता, हे नोंदलेले असावे.

२. माझ्या हुकमातल्या हिश्शातून मागच्या अंगाची माडी, तिचा उघडा सज्जा, दुर्बीण, ताऱ्यांचे नकाशे आणि अकरा वह्या मी सून अख्तरुन्निसा हिला देतो. सून वारसांत मोडत नाही, म्हणून तिला देता येते. यापुढे मकसूदला सज्ज्यात पाऊल टाकायचे तर बायकोला विचारून टाकावे.

३. वह्या कसल्या ते सांगतो, कारण मी जोतिष बघतो असे गावात बोलतातच. काही तारे कमीजास्त उजळतात. अशा ताऱ्याशेजारचे दोन ठरलेले तारे धरायचे, एक त्याच्याहून तेज, एक मंद, आणि आपला तारा दोघांमध्ये कुठे बसतो ते आकड्यात लिहायचे. दोन माणसांमध्ये तिसऱ्याला उभे करून उंची ठरवावी तसे. तारा दिसला नाही तर ‘दिसत नाही’ लिहायचे. तीही नोंदच असते. एकदा लिहिलेले खोडायचे नाही. तीस वर्षे मी ताऱ्यांच्या भरवशावर बसऱ्यापर्यंत गलबत नेले. जमिनीवर आल्यावर या कामाला लागलो. दर महिन्याच्या नोंदी विलायतेतील हौशी निरीक्षकांच्या एका मंडळाकडे जात. इंग्रजी मला येत नाही, म्हणून वहीवरून छापील फॉर्म मकसूद भरत असे. तिथेच घात झाला.

४. सन १९३४ च्या डिसेंबरात, आम्ही दर्यावर्दी ज्याला वाकी म्हणतो त्या अभिजिताच्या आसपास एक नवा तारा उजळला. पुढचे चार महिने मी एकही निरभ्र पहाट सोडली नाही. एप्रिलच्या अखेरीस तो नाहीसा झाला. मी दुर्बीण पुसली, पुन्हा लावली. अख्तरुन्निसा झाकलेला कंदील आणि वही घेऊन शेजारी होती. तिला म्हटले, तू बघ. तिने बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “न्हाय, अब्बा. बाजूचे दोनी हायत, मधला न्हाय.” लागोपाठ सात पहाटा मी ‘दिसत नाही’ लिहवले. मकसूदने फॉर्मवर त्या जागी सात आकडे भरले, रोज थोडा थोडा मंद होत जाणारा तारा, अगदी शहाण्यासारखा.

सहा महिन्यांनी पत्र आले. जगात कोणालाही असल्या लहान दुर्बिणीतून तो तारा दिसत नव्हता, मग आपणास सात दिवस कसा दिसला? आपल्या अकरा वर्षांच्या सर्व नोंदी आम्ही बाजूला ठेवत आहोत. म्हणजे सभ्य भाषेत, म्हातारा घरात बसून आकडे ठोकतो.

मकसूदला जाब विचारला तर म्हणाला, “अब्बा, डाक्तर बोलला व्हता मोतीबिंदू धरतोय. नजर गेली असं त्यांना कळलं तर पत्रं बंद व्हतील. तुमाला दुसरं काय हाय?”

दया केली माझ्यावर! पोटच्या पोराने! पैसे चोरले असतेस तर चार शिव्या देऊन विसरलो असतो. तू माझा खरेपणा चोरलास आणि वर काळजी म्हणतोस. वादळात मी खलाशांशी खोटे बोललो नाही, बुडायची वेळ आली तेव्हाही नाही. आणि आज सातासमुद्रापलीकडे माझे नाव लबाडांत जमा आहे.

५. शेजारी हमदुल्ला शेठ यांनी पाच वर्षे आपल्या ओट्यावर गॅसची बत्ती पेटवून माझे अर्धे आभाळ नासले. सांगायला गेलो तर म्हणाले, आभाळ काय तुझ्या बापाचे आहे? त्यांना मी एक काळे फडके देतो. त्याचे काय करायचे ते त्यांना ठाऊक आहे.

६. आता मुख्य गोष्ट. चूक कळवणारे पत्र ‘आज लिहितो, उद्या लिहितो’ करत मकसूदने दोन वर्षे काढली. दरम्यान मोतीबिंदू खरोखरच वाढला. आता समोर बसलेला दत्तात्रेय मला नीट दिसत नाही, तारा कुठला दिसणार? पुन्हा पाहून दाखवायची वाट बंद झाली. उरली फक्त माझी मूळ वही आणि मकसूदची कबुली. ही दोन्ही अख्तरुन्निसाने मंडळाकडे पाठवावी. नुसती वही कोणी मानणार नाही. मागाहून लिहिली म्हणतील. मकसूदने लिहिलेच पाहिजे अशी जबरदस्ती मला करता येत नाही. त्याच्या वाट्याला माझा हात लागत नाही, म्हणून त्याला लालूच नाही आणि धमकीही नाही. खाली जागा सोडली आहे.

हा मजकूर अख्तरुन्निसाने मला दोनदा वाचून दाखवला. मी बोललो तसाच आहे. कोणी तो सुधारू नये.

सही, स्वहस्ते: नजमुद्दीन वल्द शहाबुद्दीन. सही ओळ सोडून गेली असल्यास आहे तिथेच खरी धरावी.

साक्षीदार:
अंबाजी कोंडाजी, राहणार दिघी.
हमदुल्ला वल्द इस्माईल, राहणार दिघी. कलम पाच कबूल नाही. बाकी माझ्यासमक्ष झाले.

मुक्काम दिघी, ता. ६ फेब्रुवारी १९३८.

सोडलेल्या जागेतील मजकूर, वेगळ्या हातचा:

मी मकसूद वल्द नजमुद्दीन. एप्रिल १९३५ चे ते सात आकडे माझे आहेत. अब्बांनी सातही वेळा ‘दिसत नाही’ लिहवले होते. त्या सातही पहाटे मी खाली झोपलो होतो. फॉर्म भरला तेव्हा दिवस होता. मी एकदाही वर पाहिले नव्हते.