टायवाले की टॅब

३ मार्च, मंगळवार

ठरलं! घर विकायचं. नणंदेने काल जेवता जेवता एक घाव दोन तुकडे केले — घर विका, पैसे निम्मे-निम्मे, आई माझ्याकडे, वहिनी तिच्या भावाकडे. पाठोपाठ भावाचा फोन, "ताई, तुझी खोली रंगवायला घेतो." सासूबाई म्हणाल्या, "बरं." मीही म्हटलं, "बरं." मग दोघींनी मिळून भांडी घासली आणि कुठल्या डब्याचं झाकण हरवलंय यावर बोलत बसलो.

नणंदेचं चुकत नाही. तीन मजले आणि राहणाऱ्या दोन बायका. सासूबाईंचे गुडघे जिन्याला नावं ठेवतात. छप्पर गळतं. हे गेल्यापासून वरचा मजला फक्त झाडायला उघडतो. घर जाऊ दे, त्याचं मला काही नाही! मला सासूबाईंना सोडून जायचं नाही. झालं, लिहून टाकलं. कुणी म्हणेल, मग तोंडाने सांग की. कशी सांगू? त्यांना लेकीकडे जायचंय. लेक ती लेक. मुलगाच राहिला नाही, तिथे सुनेने कुठल्या हक्काने अडवायचं?

५ मार्च, गुरुवार

भांडण सुरू. विषय — विकायचं कुणामार्फत?

मी म्हणते टायवाले. मी ज्या चष्म्याच्या दुकानात काम करते त्याच्या शेजारचे इस्टेट एजंट. ऊन असो, पाऊस असो, गळ्यात टाय. सासूबाई म्हणतात ऑनलाइन. वय अठ्ठ्याहत्तर, आणि मलाच विचारतात, "तू अजून कुठल्या जमान्यात आहेस गं?"

"तो टायवाला करतो काय? दार उघडतो आणि म्हणतो, ही बैठकीची खोली. लोकांना कोच दिसत नाही का? एवढ्यासाठी कमिशन?"

मी म्हटलं, सगळेच ऑनलाइन गेले तर उद्या चष्मेही तिकडूनच घेतील, मग मी काय करू? त्या शांतपणे म्हणाल्या, "हा मी तिकडूनच घेतलाय." मला वाटत होतं नणंदेने दिला! आणि रोज नाकावरून घसरतो तो घट्ट कोण करून देतं? मी!

टायवाल्यांचं खरं कारण मी त्यांना सांगितलं नाही. त्यांच्या काचेतल्या जाहिराती उन्हाने पांढऱ्या पडल्यात. एक तर मी नोकरीला लागले तेव्हापासून तिथेच आहे. असा माणूस घर विकेल तोवर आम्ही दोघी निवांत राहू.

८ मार्च, रविवार

तह झाला. दोन्हीकडे द्यायचं. टायवाल्यांनी नाक मुरडलं, "आम्ही सहसा असं करत नाही." मग काचेतल्या त्या पांढऱ्या पडलेल्या कागदाकडे बघून म्हणाले, "पण ठीक आहे."

९ मार्च, सोमवार

सासूबाईंनी दिवसभर टॅबवर घराचे फोटो काढले. दर फोटोत कुठेतरी त्यांचा अंगठा आहे. न्हाणीघराच्या आरशात तर त्या पूर्ण आल्यात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर!

१० मार्च, मंगळवार

टायवाले फोटो काढायला आले. जाहिरातीचा मजकूर वाचून दाखवला. "प्रशस्त, हवेशीर, शांत परिसर." नेमका त्याच वेळी शेजारचा पोस्टमन ट्रम्पेटवर बसला. बसला म्हणजे वाजवायला! गेली चार वर्षं शिकतोय आणि एकच धून, तीही अर्धी. टायवाल्यांनी "शांत" या शब्दावर पेन आपटलं, पण खोडला नाही.

सासूबाईंची जाहिरात मी संध्याकाळी पाहिली. जशीच्या तशी उतरवते. "छप्पर एका कोपऱ्यात गळते, बादली तिथेच ठेवलेली आहे. जिना करकरतो, पण पडत नाही. न्हाणीघराचे दार लाथ मारल्याशिवाय लागत नाही. शेजारी ट्रम्पेट शिकतो. प्रगती नाही."

मी म्हटलं, "आई, हे वाचून कोण येईल?"

"ज्याला यायचं तो येईल. उगाच आवळा देऊन कोहळा कशाला काढायचा?"

मला तर आनंदच झाला. अशा जाहिरातीवर कुत्रं फिरकणार नाही. दोन्ही बाजूंनी निश्चिंत!

१६ मार्च, सोमवार

साइटवर एक आपोआप बोलणारा मदतनीस आहे. सासूबाई दुपारभर त्याच्याशी वाद घालतात. काही विचारलं की तो आधी म्हणतो, "आपला प्रश्न खूप छान आहे." आज त्या म्हणाल्या, "बघ, शिक जरा. या घरात माझा एकही प्रश्न कुणाला छान वाटलेला नाही."

नणंदेचा फोन आला की मात्र उत्साहाने विचारतात, तुमच्याकडे सकाळी ऊन कुठे येतं, बाग किती मोठी. मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत ऐकते. इतकी घाई आहे त्यांना! मला वाईट वाटतं, आणि वाईट वाटतं याचा रागही येतो.

२१ मार्च, शनिवार

आज नुसता गोंधळ!

टायवाले पुढच्या दाराने एक जोडपं घेऊन आले. त्याच वेळी सासूबाईंनी साइटवरून आलेल्या बाईंना मागच्या दाराने आत घेतलं होतं. टायवाल्यांचा नियम — घर दाखवताना मालकांनी घरात थांबायचं नाही. सासूबाईंचा नियम — मालकांनी एक पाऊलही मागे राहायचं नाही. जिन्यावर गाठ पडली.

टायवाले: "आणि हा भक्कम लाकडी जिना."

सासूबाई, वरून: "तिसऱ्या पायरीवर सांभाळा."

टायवाले: "वर भरपूर उजेड."

सासूबाई: "आणि बादली."

जोडपं खाली उतरलं ते थेट रस्त्यावर. साइटवरच्या बाई मात्र तासभर बसल्या. चहा, बिस्किटं, स्वतःच्या नवऱ्याच्या तक्रारी, सगळं झालं. जाताना म्हणाल्या, "घर नाही घ्यायचं हो मला. शनिवारी-रविवारी लोकांची घरं बघायला आवडतं." सासूबाई खूश. त्यांना पुन्हा बोलावलंय!

टायवाले गेटपाशी घाम पुसत मला म्हणाले, "तुमच्या सासूबाईंना एकदा आमच्या दुकानात घेऊन या. माणूस समोरासमोर बसला की बरं असतं." मी निरोप दिला. सासूबाई म्हणाल्या, "मरेपर्यंत त्या दुकानाची पायरी चढणार नाही."

२५ मार्च, बुधवार

कुणी नाही. छान दिवस.

२८ मार्च, शनिवार

घात झाला.

एक ड्रम वाजवणारा आला. केस खांद्यापर्यंत, बायको परिचारिका, दोन मुलं, त्यातलं एक घर बघता बघता तिसऱ्या पायरीवर उड्या मारत होतं. त्याने ना जिना बघितला ना बादली. एकच विचारलं, "तो ट्रम्पेटवाला खरंच आहे?" सासूबाईंनी खिडकी उघडली. पोस्टमन हजर! ड्रमवाला डोळे मिटून ऐकत राहिला, मग बायकोला म्हणाला, "इथे आपल्याविरुद्ध कुणीच तक्रार करणार नाही." आतापर्यंत त्यांना तीन ठिकाणांहून हाकललंय म्हणे.

मागितली तेवढी किंमत. घासाघीससुद्धा नाही! निदान घासाघीस तरी करायची मेल्याने.

३० मार्च, सोमवार

आता भांडण असं, की घर विकलं कुणी? जाहिरात त्याने साइटवर वाचली. पण साइटवरचा अर्ज भरता भरता तीनदा पुसला गेला, म्हणून तो टायवाल्यांच्या दुकानात शिरला आणि ते त्याला घेऊन आले. टायवाले म्हणतात, माझं गिऱ्हाईक. साइटवाले म्हणतात, आपला प्रश्न खूप छान आहे. सासूबाई म्हणतात, दोघांचंही नाही, पोस्टमनचं. त्याला कमिशन द्या.

रात्री जेवताना दोघी हसलो. बऱ्याच दिवसांनी इतकं हसलो. मग त्या लवकर झोपायला गेल्या.

४ एप्रिल, शनिवार

सामानाची वाटणी. दोन ढीग, एक त्यांचा, एक माझा. बशा फुटल्या तर फुटोत पण सहाचा संच तीन-तीन करायचा नाही यावर दोघींचं एकमत. तुम्ही घ्या, तू घे, तुम्ही घ्या. मोठी किटली मी त्यांच्या ढिगात ठेवली. चहा करायला गेले तेवढ्यात ती माझ्या ढिगात! पुन्हा त्यांच्यात ठेवली. भाजी आणून आले, पुन्हा माझ्यात.

एकीपुरता चहा करायला मोठी किटली कशाला लागते? हे मी मोठ्याने म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. तोंडाशी येतं आणि वाटतं, भिडेखातर त्या हो म्हणतील, लेकीचं घर सोडतील, आणि मग आयुष्यभर मला वाटत राहील की मी त्यांना अडकवलं.

५ एप्रिल, रविवार

भावाने रंगवलेल्या खोलीचा फोटो पाठवला. पिवळा. चांगला आहे रंग. मी न्हाणीघरात जाऊन रडले. दाराला लाथ मारून.

७ एप्रिल, मंगळवार

टायवाले दुपारी आमच्या चष्म्याच्या दुकानात आले. मला वाटलं सह्यांचं काही राहिलं. तर खुर्चीच्या टोकाला बसून टाय चाचपत म्हणाले, "जरा नाजूक काम आहे. सासूबाई सकाळी आल्या होत्या आमच्याकडे. तळमजल्यावरचं, दोन झोपायच्या खोल्यांचं घर बघा म्हणाल्या, तुमच्या दुकानापासून पायी जाता येईल असं. मी म्हटलं, आजी, हे तर तुमच्या साइटवर पण सापडलं असतं. तर म्हणाल्या, तिथे खोल्या किती ते विचारतात. सून बरोबर राहील का, हे विचारायला तिथे जागाच नाही. मी सासू, मी विचारलं तर भिडेखातर हो म्हणेल ती. तुम्ही परके, तुम्हाला तिला नाही म्हणता येईल. तर तुम्ही विचारा."

मी म्हटलं, विचार करून कळवते म्हणून सांगा. लगेच हो म्हटलं की भाव पडतो.

ते दारापर्यंत पोचले असतील नसतील. मी धावत जाऊन त्यांना परत आणलं.