आईच्या नडगीवरची जखम

हैदराबाद

प्रिय नंदीशदादा,

आई जाऊन अकरा महिने झाले. सोलापूरच्या डॉक्टरांकडून तिच्या गाठीचा पातळ काप लावलेली काच मी मागून घेतली होती, हे तुला सांगितलं नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेत ती एकदाच सूक्ष्मदर्शकाखाली धरली. अनोळखी माणसांच्या गाठी मी रोज बघते. तेव्हापासून कुठलीही काच लावली तरी आईची नडगी दिसते आणि ती जखम धुवायची त्या कडुलिंबाच्या पाण्याचा वास येतो.

तू नऊ वर्षांचा होतास. नळदुर्गच्या आपल्या धाब्यावर पळताना तुझा धक्का लागला आणि भज्यांची कढई आईच्या पायावर उलटली. बाकीचा पाय बरा झाला, नडगीवरचा रुपयाएवढा तुकडा कधी भरलाच नाही. खपली धरायची, फुटायची. एकोणतीस वर्षं ती जुन्या लुगड्याची पट्टी बांधून गिऱ्हाइकांना वाढत राहिली. तू त्या पट्टीकडं कधी बघायचा नाहीस.

मी शिकले ते नेमकं हेच. शरीरात काही पेशी जन्मापासून पहाऱ्यावर असतात. एखादी पेशी फुटून आतला ऐवज बाहेर सांडला की त्या धोका ओळखतात, हाकाटी करून मदत बोलावतात. त्यानं जंतू मरतात, जखम भरते, कधी कॅन्सरची पेशी उगवतानाच मारली जाते. पण जखम वर्षानुवर्षं उघडी राहिली तर हाकाटीही थांबत नाही. मग त्याच सुजेतून बिघडलेल्या पेशीला रक्त मिळतं, बळ मिळतं. आईच्या काचेत गाठीभोवती पहारेकऱ्यांची दाटी होती. मारायला आलेलेच तिला पोसत होते.

तरी अशा बहुतेक जखमांचा कॅन्सर होत नाही. झालाच, तर वेळेत कापून काढला की माणूस बहुधा वाचतो. हे मला माहीत होतं. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आईनं मला मोरीत बोलावून पट्टी सोडली. म्हणाली, "पोरी, कड वर आलीय बघ. लई दुखत न्हाय, पण रगत येतंय. नंदूला सांगू नको, त्यो जेवायचा न्हाय." कड फुलकोबीसारखी उठली होती. मी ओळखलं, दादा. आणि म्हणाले, प्रबंध देऊन येते, मग दाखवू. मलम आणून दिलं. प्रबंधाला सात महिने लागले. आईनं पुन्हा विषय काढला नाही. मी भीतीनं काढला नाही. शेवटी तू तिला सोलापूरला नेलंस, तेव्हा कॅन्सर पसरून जांघेतही गाठी आल्या होत्या. तिथं डॉक्टरांनी विचारलं, आधी कुणी बघितलं होतं का? मी तुझ्या शेजारी उभी होते. गप्प राहिले.

काल मोनिकावहिनीचा फोन आला. तू धाबा बंद केलास, येईल त्याला सांगतोस की आईला मीच मारलं. परवा तेल तापवून त्यावर हात धरून उभा होतास, वहिनीनं मागं ओढलं म्हणून वाचलास. म्हणून लिहितेय. कढई नऊ वर्षांच्या पोराच्या धक्क्यानं सांडली. सात महिने एका शिकलेल्या बाईनं जाणूनबुजून घालवले. मला शिव्या दे, हवं तर दारातही उभं करू नको, पण त्या तेलाजवळ जाऊ नको. शनिवारच्या बसनं येतेय. हेच सगळं वहिनीसमोर, तुझ्या तोंडाकडं बघून सांगेन.

तुझीच,
शिवप्रिया