उसन्या वयाचं घर

बेन त्रे, १४ मार्च

प्रिय दुए,

तायवानात थंडी सरली असेल. जेवणखाण नीट करतोस ना? पत्ता तुझ्या मित्राकडून, हुआनकडून घेतला. त्याच्यावर रागावू नकोस. इकडे यंदा नारळ बरा आहे. आणि माझं घर झालं. झावळ्यांचं छप्पर गेलं, काँक्रीटचा स्लॅब आला.

माझ्या वयाला यंदा घर बांधणं लाभत नव्हतं, म्हणून तुझ्या बाबांचं, काकांचं, वय उसनं घेतलं. देवापुढे मालक ते. उदबत्त्या त्यांनी लावल्या, पहिली वीट त्यांनी ठेवली, स्लॅबचं पहिलं घमेलंही त्यांनीच ओतलं. खऱ्या मालकिणीनं तेव्हा दिसायचं नसतं, म्हणून मी केळीआड लपलेली. जरा डोकावले तर काका केवढ्यांदा ओरडले, "थोआ, आत हो! मालकाच्या कामात नाक खुपसू नकोस!" गवंडी पोट धरून हसले. घर पुरं झालं की ते काकांनी मला रीतीनं परत द्यायचं होतं.

रोज सकाळी येऊन स्लॅबवर पाणी मारायचे. म्हणायचे, "काँक्रीटला तहानलेलं ठेवू नये, पोरी."

पुढे गिलावा सुरू झाला. एका सकाळी लुक मिस्त्री शिडीवरून उतरत म्हणाले, "ताई, वर पाणी मारणं बंद करा आता. स्लॅब केव्हाच पक्का झालाय."

"मी कुठे मारतेय? तुम्हीच मारलं असेल."

"मी? बायकोला विचारा, मी तिच्या मिरचीच्या रोपालासुद्धा पाणी घालत नाही!"

वर जाऊन पाहिलं. नव्या वर्षाच्या तेत सणापासून पावसाचा थेंब नाही, तरी स्लॅब चिंब. कडेला फक्त दोन पावलांपुरती जागा कोरडी होती. पाणी मारणारा तिथे उभा असावा, तशी.

दुए, किती वेळ मी इकडचं तिकडचं लिहीत बसलेय. काका गेले रे. स्लॅबचं सेंट्रिंग उतरायच्या आधीच. दुपारी टांगलेल्या झोळीत आडवे झाले, ते उठलेच नाहीत. "बाबांचं मला काही कळवू नका," असं तू बजावून गेला होतास, म्हणून कुणी लिहिलं नाही.

घर परत द्यायचं राहून गेलं.

काल मी वर जाऊन मोठ्यानं म्हटलं, "काका, पुरे आता." आज स्लॅब कोरडा ठणठणीत. पण खाली मागच्या खोलीची भिंत पाझरतेय. हात लावला तर गार, आत्ताच गिलावा केल्यासारखी. ती खोली मी अडगळीची समजत होते. मिस्त्रींना विचारलं, तर ते मान खाली घालून म्हणाले, "काकांनी वाढवायला लावली. मी म्हटलं, ताईंना विचारू का? तर म्हणाले, 'मालक कोण, ती की मी? पोरगा आला तर झोपेल कुठे?'"

मी अजून शेजारच्या झोपडीतच निजते. वय देणारा गेला तर त्याच्या मुलानं घर परत द्यावं, असं जाणती माणसं म्हणतात. तू ते दे, नाहीतर देऊ नकोस. पण ये. काकांना माझं ऐकू येतं, दुए. पण ते माझ्यासाठी थांबलेले नाहीत.

तुझ्या बाबांच्या दाराबाहेर उभी असलेली,
थोआताई