अण्णा, आईंचा चहा आता चार वाजता

प्रिय अण्णा,

सुनेनं सासऱ्यांना पत्र लिहावं, तेही ते गेल्यावर! तुम्ही असता तर हसला असता. पण आज दुपारी आई जेवून उठल्या आणि आपणहून म्हणाल्या, "चहा चारला ठेव गं." हे तुम्हाला नाही सांगायचं, तर कुणाला?

तुम्ही गेलात आणि त्या थकतच गेल्या. आम्हाला वाटलं, दुःख आहे, वेळ लागेल. जिना चढताना दम लागायचा. त्यात तांदूळ निवडताना कच्चेच दाणे तोंडात टाकायची सवय फार वाढली. आठवतंय? "अगं, भात शिजू तर दे!" असं तुम्ही ओरडायचात आणि आपण सगळे किती हसायचो!

शेवटी देवळाली कॅम्पातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. हिमोग्लोबिन फारच कमी निघालं. तांदळाचं ऐकून बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अंगात लोह कमी पडलं की काहींना असलं खावंसं वाटतं. कुणाला माती, कुणाला बर्फ, कुणाला कच्चे तांदूळ." आपल्याला कुठं ठाऊक होतं हो अण्णा?

बाकीच्या तपासण्या ठीक आल्या. गोळ्या लिहून देता देता बाईंनी विचारलं, "चहा कधी घेता?"

"जेवले की लगेच."

"तो तेवढा लांबवा. भाजी-भाकरीतलं लोह चहा नीट अंगी लागू देत नाही. जेवताना लिंबू पिळा, त्यानं उलट मदत होते."

मी थक्क! रोज मेथी, नाचणी रांधत होते आणि वर मीच कपभर चहा आणून देत होते.

आईंनी गोळ्या निमूट घेतल्या, लिंबूही पिळलं. पण चहा? "तेवढं सोडून बोल." मी चिडले, "आई, हा कसला हट्ट?" तर त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"मनमाडला यांची रेल्वेची ड्युटी. कधी दिवसा, कधी रात्री. जेवले की निघायचे. तेवढा एक चहाच आमच्या दोघांचा होता गं. अर्धा मला बशीत ओतून द्यायचे."

अण्णा, हे तुम्ही कधी बोलला नाहीत! रिटायर होऊन नाशिकला आलात, तरी तो चहा तसाच चालू ठेवलात. मला आपली नुसती सवय वाटायची. पण थोडा रागही येतो हं. चहा ओतून देणाऱ्या माणसानं एकदा तरी म्हणायचं ना, "आधी माझ्याबरोबर जेवायला बस"? जन्मभर त्या सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं जेवल्या.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मीच दोन कप घेऊन गॅलरीत त्यांच्याशेजारी बसले. म्हटलं, "अण्णांचं काहीतरी सांगा ना." त्या दिवशी त्यांचा चहा तसाच निवून गेला. मग हळूहळू बोलायला लागल्या. लग्नानंतर त्या माहेरून परत आल्या, तेव्हा तुम्ही मनमाड स्टेशनवर भलत्याच बाईची पिशवी उचललीत म्हणे! खरं का हो? सांगताना आई इतक्या हसल्या की ठसका लागला.

आता जिना न थांबता चढतात. चेहऱ्यावर रंग आलाय. तांदूळ ताटातच राहतात.

काल रात्री मात्र नेहमीचंच, "तुम्ही बसा, मी मागून जेवते." मी हात धरून त्यांना ताटावर बसवलं आणि शेजारी माझंही ताट घेतलं. अण्णा, शब्द देते, या घरात यापुढे मागून जेवणारी बाई कुणी उरणार नाही. मीसुद्धा नाही.

तुमची सून,
वैशाली