आजोबांचा कागद

मंगळवार, ६ जानेवारी २०२६
आजपासून संशोधन. पुस्तकाचं नाव ठरलं: ‘एका विणकर विचारवंताचा शोध’. प्रकाशन २१ फेब्रुवारीला, बाबांच्या चौऱ्याऐंशीव्या वाढदिवशी. साडी ग्रे. आता फक्त मजकूर मिळवायचा.
बाबा कित्येक वर्षं सांगतात की महाल भागातल्या इतिहास मंडळात आजोबांचं काम आहे. आजोबा म्हणजे रामाजी. उमरेडहून आले, गोळीबार चौकात माग टाकला, जन्मभर विणलं. आमच्याकडे मात्र त्यांचं काहीच नाही, फोटोसुद्धा नाही. विणलेलं सगळं विकायलाच असायचं.
काचबिंदूमुळे बाबांना आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. सकाळी म्हणाले, “मले एकदा त्याले हात लावू दे, मंग झालं.”
मी समजावलं, जुन्या कागदांना असा हात लावत नाहीत. झेरॉक्स आणून वाचून दाखवीन.
दोन दिवसांचं काम आहे.

गुरुवार, ८ जानेवारी
मंडळ मंगळवार, गुरुवार, शनिवार, अकरा ते दोन उघडं असतं. परवा मी अडीचला पोचले होते.
दप्तर सांभाळतात ते चंपतराव. साठीचे, कानाला मफलर. मी पेन काढलं तर म्हणाले, फक्त पेन्सिल. पेन्सिल नव्हती.
कागद रुमालांत आहेत. रुमाल म्हणजे जाड सुती कापडात बांधलेली गाठोडी. एकूण नव्वद. यादी मागितली. यादी बारा नंबरच्या रुमालात आहे, आणि बारा नंबर कुठल्या कपाटात आहे ते यादीत आहे.
तरी सुरुवात चांगली झाली. खुर्ची खिडकीजवळची मिळाली.

शनिवार, १० जानेवारी
पेन्सिल नेली. पहिला रुमाल. गाठ सुटायला वीस मिनिटं, मग चौदा शिंका. कापडाच्या कडेपासून चार बोटं सोडून एकच जाड लाल धागा आडवा गेलाय. विणणाऱ्याची चूक असावी. आजोबांच्या हातून असं झालं नसतं.
आत विहिरींची मोजणी आणि एका वकिलाचं धोब्याशी झालेलं भांडण, अकरा पानं. आजोबांचं नाव नाही. पण त्या काळातलं वातावरण कळलं.
घरी आल्यावर बाबांनी विचारलं, कापड कसं आहे तिथलं? म्हटलं, बाबा, आपण कागदांबद्दल बोलतोय. या वयात असं होतं. चिडायचं नाही.

बुधवार, १४ जानेवारी. संक्रांत
अदितीने विचारलं, आई, किती पानं झाली? सांगितलं, चार. कुठली, ते सांगितलं नाही. ऋणनिर्देश झालाय.
बाबा तिळगूळ खाता खाता सांगायला लागले, माझा बाप मंडळात कसा गेला, कोणी बोलावलं. मी थांबवलं. आठवणी चालत नाहीत, पुरावा लागतो. नंतर वाईट वाटलं, पण पद्धत म्हणजे पद्धत.
उद्यापासून रोज दोन रुमाल. मंडळ बंद असेल त्या दिवशी मनन.

गुरुवार, २२ जानेवारी
झाले एकूण अकरा. डॉक्टर म्हणाले, धुळीची ॲलर्जी. आज नीट विचार केला. संशोधनातला खरा अडथळा माझा आळस नाही, हे कापड आहे. मळकं, गाठी पक्क्या, आत काय आहे ते दिसत नाही.
उपाय सुचला. लकडगंजला होलसेलमध्ये साडी कव्हर मिळतात. चेनची, पुढून पारदर्शक. आजोबांच्या स्मरणार्थ नव्वद देणगी द्यायची. त्यांच्यासारख्या माणसाला हे आवडलं असतं.
सचिवांना फोन केला, ते लगेच हो म्हणाले. चंपतरावांचा मात्र चेहरा पडला. म्हणाले, “कापडात कागद श्वास घेते, मॅडम. प्लास्टिकमंदी त्याले घाम येते. आन् असं कापड आता विणते कोन?”
जुनी माणसं बदलाला घाबरतात.

शनिवार, ३१ जानेवारी
ऐतिहासिक दिवस. नव्वदच्या नव्वद कव्हरं भरून झाली. कपाटं साडीच्या दुकानासारखी दिसतात. सचिवांनी प्रमाणपत्र दिलं: ‘जतनकार्यातील मोलाच्या योगदानाबद्दल’. चौकट करून घेणार.
जुने रुमाल दोन पोत्यांत भरून कचरागाडीत दिले. गाडी वळेपर्यंत चंपतराव फाटकाशी उभे होते. एक त्यांनी ठेवून घेतला होता. तो धुऊन, घडी करून माझ्या हातात दिला. “राहू द्या घरी,” एवढंच म्हणाले.
पुसायला उत्तम आहे. पाणी छान शोषतं. पंख्याची तीन पाती आजच पुसली.

गुरुवार, १२ फेब्रुवारी
चेन उघडायची, बघायची, बंद करायची. नव्वदही संपली. रामाजी कुठेच नाहीत.
जवळपास काही आलं असेल तर सत्तावन्न नंबरात, १९५४च्या बैठकीचा वृत्तान्त. दप्तर बांधण्यासाठी एका विणकराकडून नव्वद रुमाल विणून घ्यावेत, असा ठराव. विणकराचं नाव लिहिलेलं नाही. आपल्या विषयाशी संबंध नाही. आजोबा हजर असते तर सभासदांत नाव आलं असतं.
बऱ्याच कव्हरांना आतून वाफ धरल्यासारखं दिसतंय. थंडीमुळे असेल.

गुरुवार, १९ फेब्रुवारी
प्रकाशन पुढे ढकललं. पुस्तक अजून लिहिलेलं नाही, हे एक कारण.
बाबांना सांगितलं, मंडळात आजोबांचं काही नाही, मी एकेक कागद पाहिलाय. तुमच्या ऐकण्यात काही चूक झाली असेल. बाबा म्हणाले, “कागदात कशाले राहीन तो, शामे? त्याले सही बी येत नव्हती.”
मग आधी का नाही सांगितलं, असं विचारणार होते. विचारलं नाही.

शनिवार, २१ फेब्रुवारी. बाबांचा वाढदिवस
पुरणपोळी झाली. अदितीने टेबल पुसलं आणि फडकं बाबांच्या खुर्चीच्या हातावर टाकून गेली. मी ताटं घेत होते.
बाबांचा हात त्याच्यावर पडला आणि तिथेच राहिला. मग त्यांनी कड शोधली. कडेला लावून चार बोटं ठेवली, पाचव्या जागी अंगठा टेकवला. अंगठा त्या जाड धाग्यावरून पुढे गेला, मागे आला. मी ताटं हातात घेऊन उभी.
“हे कुठून आनलं वं?”
म्हटलं, मंडळातून.
बाबांनी कड पुन्हा एकदा चाचपली. मग म्हणाले, त्यांचा बाप विणलेल्या प्रत्येक थानाला हा धागा टाकायचा. सही येत नव्हती ना. बारा वर्षांचे होते बाबा. नव्वद रुमाल बापलेकांनी डोक्यावरून मंडळात नेले होते, दोन खेपांत.
“बाकीचे हायेत ना तिथं?”
“हो.”
“नव्वद?”
“एकोणनव्वद. एक हा.”
हसले. म्हणाले, “मले वाटलंच होतं, तुले सापडन म्हनून.” कापडाला हळदीचा आणि पंख्याच्या काळ्या धुळीचा वास होता. ते त्यांनी घडी करून मांडीवर ठेवलं आणि जेवताना काढू दिलं नाही.
हात धुताना म्हणाले, “मंगळवारी नेशीन काय मले?”
म्हटलं, नेईन.
मंगळवारी मंडळ उघडं असतं. अकरा ते दोन.